गोल झाला असे नेमके कधी म्हणायचे? आयएफएबीला खुले पत्र

प्रति,
माननीय सदस्य,
इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड,
झुरिच, स्वित्झर्लंड.

विषय : व्हीएआर पद्धती (व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासण्याची पद्धत), ऑफसाइडची मोजणी आणि प्रेक्षकाच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा.

महोदय, महोदया,

फुटबॉलच्या नियमपुस्तकातला एक शब्द जरी इकडचा तिकडे करायचा असला, तरी तो अधिकार जगात फक्त तुमच्या मंडळाला आहे. १८८६ साली चार ब्रिटिश संघटनांनी लंडनमध्ये एकत्र येऊन हे मंडळ उभे केले. आज इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना प्रत्येकी एक मत आहे, फिफाला चार मते आहेत आणि कुठलाही नियम बदलायला आठपैकी सहा मते लागतात. म्हणजे फिफाला एकटीला काही करता येत नाही आणि फिफाला वगळूनही काही होत नाही. त्यामुळे हे पत्र फिफाला, एखाद्या लीगला किंवा एखाद्या पंचाला न लिहिता तुम्हालाच लिहिणे रास्त वाटले. ते मराठीत लिहीत आहे, कारण मी ज्या गावात फुटबॉल पाहतो तिथे ऑफसाइडवरून, म्हणजे पास दिला त्या क्षणी आघाडीपटू बचावपटूंच्या पुढे होता का यावरून, होणारी भांडणे मराठीतच होतात.

ते गाव कोल्हापूर. इथल्या फुटबॉल संघांची नावे पाहिली तर त्यांत ‘तालीम मंडळ’ हे शब्द वारंवार भेटतील, कारण कुस्तीच्या तालमींनीच हा खेळ पेठापेठांत रुजवला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की निम्मे शहर मैदानात असते आणि उरलेले निम्मे निकालाची चौकशी करत असते. विश्वचषकाच्या वर्षी चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे दुमजली कटआउट उभे राहतात. चॅम्पियन्स लीगचे सामने आमच्या घड्याळात रात्री साडेबाराला किंवा हिवाळ्यात दीडला सुरू होतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी माणसे ते शेवटच्या शिट्टीपर्यंत बघतात. एवढे सांगितले ते अशासाठी, की क्रिकेटच्या देशातून आलेले पत्र म्हणून ते बाजूला ठेवले जाऊ नये.

तक्रार थोडक्यात अशी आहे, की गोल झाल्यावर गोल झाला आहे हे आता कळत नाही. ते काही वेळाने कळवले जाते.

२२ नोव्हेंबर २०२२ रोजी, मंगळवारी दुपारी साडेतीनला, कतारमध्ये अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया यांचा सामना सुरू झाला, तेव्हा आमच्या चौकातल्या पडद्यासमोर कामधंदा सोडून आलेली गर्दी होती. मेस्सीने पेनल्टीवर गोल केला आणि हलगी वाजायला लागली. थोड्या वेळाने मेस्सीचाच दुसरा गोल ऑफसाइड ठरला. त्यात कोणाचे काही म्हणणे नव्हते, लाइन्समनचा झेंडा सर्वांना दिसत होता. मग सत्ताविसाव्या मिनिटाच्या सुमारास लाउतारो मार्तिनेझने पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या अंगावरून चेंडू अलगद जाळ्यात टाकला. झेंडा वर गेला नाही. लोक एकमेकांच्या अंगावर पडले, कोणीतरी गुलालाची पिशवी फोडली, आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात तपासणीची पाटी आली. हलगीवाल्या पोराची टिपरी हवेतच थांबली. गुलाल माखलेली माणसे पडद्याकडे मान वळवून उभी राहिली आणि काही वेळाने संगणकाने काढलेल्या निर्जीव बाहुल्यांच्या चित्रात मार्तिनेझच्या खांद्याजवळचा एक तुकडा रेषेपलीकडे गेलेला दाखवण्यात आला. त्याच अर्ध्यात त्याचा आणखी एक गोल ऑफसाइड म्हणून गेला. पुढे अर्जेंटिना तो सामना १–२ असा हरली आणि अखेर विश्वचषक जिंकलीही, त्यामुळे निकालाबद्दल इथे कोणाच्या मनात अढी नाही. पण त्या दुपारनंतर आमच्या चौकातली एक गोष्ट बदलली. आता गोल झाला की पोरे आधी कोपऱ्यातली पाटी बघतात आणि मग हलगीकडे बघतात.

तंत्रज्ञानालाच आमचा विरोध आहे असा अर्थ कृपया काढू नये. पंचांच्या चुका सुधारा म्हणून आम्ही प्रेक्षकांनीच वर्षानुवर्षे ओरड केली होती आणि त्या ओरडीला कारणेही होती. १९८६मध्ये अॅझ्टेका स्टेडियममध्ये माराडोनाने हाताने मारलेला गोल सगळ्या जगाने पाहिला, पण पंचाने पाहिला नाही. नोव्हेंबर २००९मध्ये थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून पास दिला आणि आयर्लंडचे विश्वचषकाचे स्वप्न संपले. २०१०मध्ये ब्लूमफाँटेनला जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांड्याला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला आणि खेळ पुढे चालू राहिला. त्या शेवटच्या घटनेनंतर, २०१२मध्ये, तुम्ही गोलरेषा तंत्रज्ञानाला मंजुरी दिलीत. चेंडू पूर्ण आत गेला की पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात क्षणार्धात खूण येते. त्या तंत्राविरुद्ध मी आजवर एकही घोषणा ऐकलेली नाही. प्रश्न हो किंवा नाही असा होता, उत्तर लगेच मिळत होते आणि खेळ थांबत नव्हता.

२०१८च्या मार्चमध्ये तुम्ही व्हीएआरला नियमपुस्तकात जागा दिलीत तेव्हाही वचन साधारण असेच होते. कमीत कमी हस्तक्षेप आणि जास्तीत जास्त फायदा हे त्याचे ब्रीद होते. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्याच खेळाडूला कार्ड दाखवणे, एवढ्या चारच बाबतींत आणि तेही चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तरच पंचाचा निर्णय फिरवायचा, असे ठरले. माराडोना, ऑन्री आणि लॅम्पार्ड यांच्यासाठी एवढे पुरेसे होते. नंतर मात्र जी चूक उघड्या डोळ्यांना दिसते ती बाजूला राहिली आणि जी कोणालाच दिसत नाही ती शोधण्याचा उद्योग सुरू झाला.

नोव्हेंबर २०१९मध्ये व्हिला पार्कवर लिव्हरपूलच्या रॉबेर्तो फिर्मिनोचा गोल नाकारला गेला, कारण रेषा त्याच्या काखेतून गेली होती. काख हा गोल करण्याचा अवयव कधीपासून झाला, असे तेव्हा जगभर विचारले गेले. पुढच्याच वर्षी तुमच्या नियमपुस्तकात हाताची वरची हद्द काखेच्या तळाशी निश्चित करण्यात आली. व्याख्या काटेकोर झाली खरी. पण काखेच्या तळाशी रेषा ओढायची वेळच का यावी, हा प्रश्न तिथल्या तिथेच राहिला.

ऑफसाइडचा नियम कशासाठी आहे हे तुम्हाला सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे. तरीही तुमच्याच मंडळाच्या दोन निर्णयांची आठवण करून देतो. १९२५पर्यंत आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. बचाव फार शिरजोर झाला म्हणून तुम्ही ते दोन केलेत आणि गोलांची संख्या लगेच वाढली. १९९०मध्ये तुम्ही आणखी एक पाऊल टाकलेत आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीने असलेला आघाडीपटू ऑफसाइड धरायचा नाही असे ठरवलेत. दोन्ही वेळी कल आघाडीपटूकडे होता. शंका असेल तर झेंडा खाली ठेवायचा, हे लाइन्समनला शिकवले जात असे. ‘बरोबरीने’ असणे ही माणसाच्या डोळ्याला समजणारी गोष्ट होती. मिलिमीटरच्या हिशेबात बरोबरीने असे कोणीच नसते, कोणीतरी पुढे असतोच आणि कोणीतरी मागे. त्यामुळे नियमातला एक शब्दही न बदलता १९९०ची ती सवलत व्यवहारातून नाहीशी झाली आहे.

शिवाय मोजणी किती खरी आहे हेही पाहू. कतारमध्ये वापरलेल्या अर्धस्वयंचलित पद्धतीत छताखाली बारा कॅमेरे होते आणि ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा नोंद करत होता, त्यामुळे पाय चेंडूला कधी लागला हे आता बरेच नेमके कळते हे मान्य आहे. पण पूर्ण वेगात धावणारा आघाडीपटू सेकंदाला नऊ मीटर जातो असे धरले, तर कॅमेऱ्याच्या दोन नोंदींमध्ये तो १८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि त्याच वेळी ऑफसाइडचा सापळा लावण्यासाठी बचावपटू उलट दिशेला निघालेला असतो. मधल्या त्या अंतरात नेमके काय घडले ते गणिताने भरून काढावे लागते. गणित चांगले असेल, उत्तम असेल. पण त्याच्या जोरावर बुटाच्या टोकाचा निवाडा करणे मला पटत नाही. ज्याच्या तराजूला मासा-दोन माशांचा फरक दिसत नाही, त्याने गुंजेचा भाव सांगू नये.

२९ जून २०२४ रोजी डॉर्टमुंडला युरो स्पर्धेत डेन्मार्क आणि जर्मनी खेळत होते. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला योआकिम अँडरसनने गोल केला आणि डेन्मार्कचे प्रेक्षक बेभान झाले. मग कळले, की थॉमस डिलेनीच्या बुटाचे टोक ऑफसाइड होते. खेळ सुरू झाला आणि काही मिनिटांतच त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू पुसटसा लागला. मैदानावर कोणालाही ते धड दिसले नव्हते, पण चेंडूतल्या सेन्सरने हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखासारखी एक उसळी दाखवली आणि पेनल्टी दिली गेली. काई हावर्ट्झने ती मारली. डेन्मार्क ०–२ असा हरला. सामन्यानंतर प्रशिक्षक कॅस्पर युल्मंड यांनी पत्रकारांसमोर मोबाइलवरचे ते चित्र धरले आणि हा एका सेंटिमीटरचा प्रश्न असल्याचे सांगितले. डेन्मार्क संघाशी माझे काही देणेघेणे नाही, जर्मनी त्या दिवशी बहुधा तसाही जिंकला असता. पण प्रेक्षक म्हणून मी काय पाहिले याचा विचार केला, तर दोन निर्णायक घटना घडल्या आणि त्यांतली एकही मला डोळ्यांनी पाहता आली नाही. मी त्यांचे आलेख पाहिले.

याला उपाय नाही असेही नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१–२२पासून जाड रेषा वापरायला सुरुवात केली आणि त्या एकमेकींना भिडल्या तर आघाडीपटूला ऑनसाइड धरले. आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी मांडलेला प्रस्ताव तर याहून धाडसी आहे: आघाडीपटू आणि बचावपटू यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली तरच ऑफसाइड. तो जसाच्या तसा स्वीकारला तर बचावफळ्या भीतीने पार मागे जाऊन बसतील अशी मला शंका आहे आणि खेळ त्यामुळे अधिक रटाळही होऊ शकेल, म्हणून त्याचा आग्रह मी धरणार नाही. पण यंत्राच्या चुकीइतकी, म्हणजे हाताच्या चार बोटांएवढी सवलत नियमातच लिहून ठेवायला काय हरकत आहे? क्रिकेटने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. डीआरएसमध्ये चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाईल असा अंदाज निघाला तर ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम राहतो, कारण अंदाजाला चुकीची मर्यादा असते हे तिथे मान्य केलेले आहे. आमच्या क्रिकेट मंडळाने २०१६पर्यंत डीआरएसला दाद दिली नव्हती आणि ‘अंपायर्स कॉल’वर आजही आमच्याकडे कडाक्याचे वाद होतात. तरीही यंत्राला आपली मर्यादा कबूल करायला लावणारा तो नियम मला तुमच्या नियमापेक्षा प्रामाणिक वाटतो.

ऑफसाइडच्या या काटेकोरपणातून झेंडा उशिरा वर करण्याची प्रथा आली. गोलाची संधी दिसत असेल तर लाइन्समनने झेंडा रोखून धरायचा, हल्ला पूर्ण होऊ द्यायचा आणि मग ऑफसाइड दाखवायचा. ११ मे २०२५ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि लेस्टर यांच्या सामन्यात अँथनी एलांगा ऑफसाइड असूनही झेंडा वर गेला नाही. त्याच्या पासवर ताइवो अवोनियी गोलपर्यंत धावत गेला आणि खांबावर आदळला. त्याच्या पोटाला गंभीर दुखापत झाली, तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि डॉक्टरांनी त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवले. सुदैवाने तो वाचला. झेंडा वेळेवर वर गेला असता तर ती धाव झालीच नसती. या प्रकरणावर मी याहून अधिक काही लिहिणार नाही. नियम लिहिणाऱ्यांनी विचार करावा, एवढेच.

आता वेळेबद्दल. १ मार्च २०२५ रोजी बेलफास्टमध्ये तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि गोलरक्षकाने आठ सेकंदांपेक्षा अधिक वेळ चेंडू हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर द्यायचा, असा नियम तुम्ही मंजूर केलात. नियम चांगला आहे. वेळकाढूपणा करणाऱ्या गोलरक्षकांना चाप बसायलाच हवा होता. पण त्याच दिवशी इंग्लंडमध्ये एफए कपच्या पाचव्या फेरीत बोर्नमथ आणि वुल्व्ह्ज यांचा सामना चालू होता आणि बोर्नमथच्या एका गोलाची तपासणी जवळजवळ आठ मिनिटे चालली. गोलसमोर इतकी गर्दी होती, की नव्या अर्धस्वयंचलित यंत्राला शरीरे वेगळी ओळखता येईनात आणि शेवटी हातानेच रेषा ओढाव्या लागल्या. गोल नाकारला गेला. गोलरक्षकाला आठ सेकंद आणि व्हिडिओ कक्षाला आठ मिनिटे, हा योग कोणी जुळवून आणायचा म्हटले तरी जुळला नसता.

तुमच्या नियमांत पुनरावलोकनाला कालमर्यादा नाही आणि वेगापेक्षा अचूकता महत्त्वाची असे त्याचे कारण दिलेले आहे. न्यायालयात हे कारण शोभेल. मैदानात मात्र चूक जर खरोखरच ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तर ती पाहायला तीन प्रशिक्षित माणसांना आठ मिनिटे लागायला नकोत, आणि लागत असतील तर ती स्पष्ट नाही हे तेवढ्यावरूनच सिद्ध होते. क्रिकेटशी तुलना इथे मात्र तुटते, हे मी स्वतःच सांगतो. तिथे प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो, क्षेत्ररक्षक चालत जागेवर जातात, त्यामुळे दोन मिनिटांच्या तपासणीला बसायला जागा असते. फुटबॉलला अशी जागा नाही. एप्रिल २०१८मध्ये जर्मनीत माइन्झ आणि फ्रायबुर्ग यांच्या सामन्यात मध्यंतराची शिट्टी झाली, खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि मग व्हिडिओ कक्षाला हँडबॉल सापडला म्हणून त्यांना परत मैदानात बोलावून पेनल्टी घेण्यात आली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. नियमाप्रमाणे बरोबर असूनही लोकांना हसू आवरत नसेल, तर एकदा नियमाकडे बघायला हवे.

आणि एवढे करून चुका थांबल्या म्हणावे तर तसेही नाही. त्या मैदानावरून उठून बंद खोलीत गेल्या, इतकेच. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासने केलेला गोल लाइन्समनने ऑफसाइड दिला होता. व्हिडिओ कक्षाने तपासले तेव्हा दियास ऑनसाइड होता. पण मैदानावरचा निर्णय ‘गोल’ असाच आहे असा तिथल्या पंचाचा समज झाला आणि त्याने तपासणी पूर्ण झाल्याचे कळवून टाकले. खेळ सुरू झाला. घोटाळा काही सेकंदांत खोलीतल्या लोकांच्या लक्षात आला, मात्र खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही हा तुमचाच नियम आडवा आला. तीन दिवसांनी त्या संभाषणाची ध्वनिफीत प्रसिद्ध झाली. ती ऐकताना मला त्या पंचाची दयाच आली. ती फीत जर त्याच क्षणी मैदानावर ऐकू आली असती, तर साठ हजारांपैकी कोणीतरी ओरडून सांगितले असते की बाबांनो, निर्णय गोलचा नव्हता.

मैदानात बसलेल्या प्रेक्षकाची स्थिती या सगळ्यात सर्वांत वाईट आहे. घरी बसलेल्याला निदान रेषा दिसतात, समालोचक काहीतरी अंदाज बांधत असतात. तिकीट काढून गेलेल्याला पंच कानाला हात लावून उभा दिसतो आणि बाकी काही कळत नाही. २०२३च्या महिला विश्वचषकात पंचांनी माइकवरून निर्णय जाहीर केले आणि २०२५च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये लीग कपच्या उपांत्य सामन्यातही ते झाले. सुधारणा आहे, पण निकाल सांगणे वेगळे आणि विचार कसा झाला ते ऐकवणे वेगळे. क्रिकेटमध्ये तिसरा पंच काय पाहतो आहे, कुठला कोन मागतो आहे हे घराघरांत ऐकू येते, रग्बीतही ऐकू येते. फुटबॉलच्या पंचांची खोलीतली चर्चा थेट ऐकवायला तुमची परवानगी नाही, याचे समाधानकारक कारण माझ्या वाचनात आलेले नाही.

हँडबॉलबद्दल लिहायला बसलो तर स्वतंत्र पत्र होईल, म्हणून दोनच ओळी. अँडरसनच्या हाताला पुसटसा लागलेला चेंडू पेनल्टी ठरला आणि सहाच दिवसांनी स्टुटगार्टला मुसियालाचा जोरकस फटका स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या हाताला लागून अडला तेव्हा पेनल्टी दिली गेली नाही. दोन्ही निर्णयांची समर्थने मी वाचली आहेत. दोन्ही वाचून झाल्यावरही शाहू स्टेडियमवर सराव करणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला हात कुठे ठेवायचा हे मला सांगता येत नाही.

भारतातल्या आमच्या इंडियन सुपर लीगने हा खर्चिक सरंजाम आजवर घेतलेला नाही. मार्च २०२३मध्ये बंगळुरूला सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत झटपट फ्री किक मारून गोल केला, ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून निघून गेला, पुढे क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला आणि व्हीएआर आणा अशी मागणी देशभर झाली. ती मागणी मला समजते. पण तो वाद पंचाने झटपट किक घेऊ द्यायला हवी होती की नको, याचा होता. बुटाचे टोक मोजून तो मिटला नसता. कोल्हापुरातही पंचांच्या चुकांवरून हाणामारीपर्यंत प्रकरणे गेली आहेत आणि त्याचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. इथल्या खेळाला कॅमेऱ्यांआधी चांगले प्रशिक्षित, चांगले मानधन मिळणारे आणि संरक्षण असलेले पंच हवे आहेत.

तुमच्यापर्यंत हे आधी पोचले नसेल असे मी समजत नाही. स्वीडनच्या क्लबांमध्ये सभासद-प्रेक्षकांच्या हाती बहुमत असते आणि त्यांनी व्हीएआर स्वीकारायला नकार दिला. नॉर्वेत जुलै २०२४मध्ये रोसेनबोर्ग आणि लिलेस्ट्रोम यांच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानावर टेनिस बॉल आणि चक्क फिशकेक फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला. अन्न फेकण्याचे समर्थन मी करणार नाही, पण त्या माणसांना दुसरा मार्ग कोणता होता, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पुढच्या जानेवारीत तिथल्या क्लबांच्या बहुमताने व्हीएआर काढा असे सांगितले आणि मार्चमध्ये महासंघाच्या सभेने तो ठेवायचा निर्णय दिला. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्जने जून २०२४मध्ये व्हीएआर रद्द करण्याचा ठराव मांडला, तो १९ विरुद्ध १ असा फेटाळला गेला. क्लबांना निकालाची धास्ती असते, एका चुकीने कोट्यवधींचे नुकसान होते, त्यामुळे ते तसेच मत देणार. प्रेक्षकाचे नुकसान कुठल्या ताळेबंदात दिसत नाही. तुमच्या सल्लागार समित्यांवर माजी खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच क्षेत्रातली जाणती माणसे असतात. ज्याच्या आरोळीवर हा सगळा डोलारा उभा आहे, तो प्रेक्षक तिथे नसतो.

असे असताना व्हीएआरची कक्षा दुसऱ्या पिवळ्या कार्डापर्यंत आणि कॉर्नर योग्य दिला की नाही इथपर्यंत वाढवण्याचे विचार तुमच्याकडे झाले, हे वाचून खेद वाटला. सामन्यात दहा-बारा कॉर्नर सहज होतात. त्यांतला प्रत्येक तपासता येईल असे एकदा म्हटले की मग थ्रो-इन का नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. व्हीएआर रद्द करा असे मी म्हणत नाही. माराडोनाचा हात आता सुटणार नाही याचा मलाही आनंद आहे. ऑफसाइडच्या मोजणीत आघाडीपटूच्या बाजूने निश्चित सवलत असावी आणि ती स्पर्धेगणिक न बदलता नियमपुस्तकातच यावी. पंचाचा निर्णय फिरवायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर मैदानावरचा निर्णय कायम धरावा. व्हिडिओ कक्षातले संभाषण मैदानात आणि घरी थेट ऐकू यावे. ऑफसाइड उघड दिसत असेल तिथे झेंडा ताबडतोब वर जावा. कक्षा आणखी वाढवू नये आणि सल्लागार समितीवर प्रेक्षकांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत.

यांतली पहिली मागणी पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावी ही विनंती आहे. ती मंजूर होवो वा न होवो, चार संघटनांपैकी कोणी आणि फिफाने कोणत्या बाजूने मत दिले, तेही कारणांसह जाहीर करावे.

आपला,
एक प्रेक्षक,
कोल्हापूर.